स्क्रिप्टिंग भाषेतून सी फंक्शन: एका जुन्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

मोठ्या सॉफ्टवेअरची रचना दोन थरांत करण्याची पद्धत आता साडेतीन दशकांहून जुनी झाली आहे. वेगाची आणि मेमरीच्या काटकसरीची गरज असलेला गाभा सी भाषेत लिहायचा, आणि ज्या भागात वारंवार फेरफार होतात किंवा जो वापरणाऱ्यानेच आपल्या सोयीने बदलावा अशी अपेक्षा असते, तो स्क्रिप्टिंग भाषेत लिहायचा, अशी ही वाटणी आहे. या रचनेत स्क्रिप्टिंग भाषेचा इंटरप्रिटर बहुधा स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालत नाही. तो यजमान प्रोग्रामला एखाद्या लायब्ररीप्रमाणे जोडलेला असतो, आणि म्हणूनच अशा भाषेला अंतःस्थापित भाषा म्हणतात. एनजिनएक्सवर उभारलेला ओपनरेस्टी हा वेब-सर्व्हर, रेडिस हा डेटाबेस, निओविम हा टेक्स्ट एडिटर ही या रचनेची परिचित उदाहरणे आहेत, आणि तिन्हींत लुआ ही भाषा बसवलेली आहे.

स्क्रिप्टने सी फंक्शन कॉल करणे हा या रचनेतील अटळ व्यवहार होय. तो दिसतो तितका सरळ नाही, कारण कंपाइलरने सी प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर केले की मूल्यांच्या प्रकारांची माहिती गळून पडते. गणिताच्या प्रमाण लायब्ररीत ‘हायपॉट’ नावाचे फंक्शन आहे. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू दिल्या की ते कर्णाची लांबी देते. कंपाइल झालेल्या लायब्ररीच्या सूचीत या फंक्शनचे केवळ नाव आणि पत्ता उरतो. ते दोन दशांश संख्या घेते आणि एक परत देते, ही गोष्ट हेडर फाइलमध्ये लिहिलेली असते, आणि स्क्रिप्ट चालते त्या वेळी हेडर फाइल त्या यंत्रावर असेलच असे नाही. ही गळालेली माहिती कोणी सांभाळायची आणि ती चुकीची असेल तर चूक कोणाच्या लक्षात येणार, हा या साऱ्या चर्चेचा कणा आहे. वेगाचा मुद्दा त्यानंतरचा, जरी गवगवा त्याचाच अधिक होत असला तरी.

पार्श्वभूमी

या परंपरेचा आरंभ सामान्यतः टीसीएल या भाषेपासून धरला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये तिच्यावर काम सुरू केले. एकाच कामाची साधने प्रत्येक प्रोग्रामने आपल्या स्वतंत्र आज्ञाभाषेसह बाळगण्यापेक्षा, कोठेही बसवता येईल अशी एकच आज्ञाभाषा असावी, हा त्यामागचा हेतू होता. टीसीएलमध्ये प्रत्येक मूल्य मजकूर म्हणूनच वावरत असल्यामुळे सी फंक्शनला फक्त मजकुरांची यादी मिळे आणि प्रकारांचा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नसे. मात्र प्रत्येक वेळी मजकुराचे संख्येत आणि संख्येचे मजकुरात रूपांतर करावे लागे. १९९७ च्या ८.० या आवृत्तीत मूल्याचे मजकुरी आणि अंतर्गत अशी दोन्ही रूपे एकत्र सांभाळणारी रचना आली, ती हा भार कमी करण्यासाठीच.

लुआचा जन्म १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात झाला. रॉबेर्तो येरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस हे तिचे कर्ते होत. ब्राझीलने १९७७ ते १९९२ या काळात संगणक-सामग्री आणि सॉफ्टवेअर यांच्या आयातीवर कडक निर्बंध ठेवले होते. पेट्रोब्रास या तेल कंपनीसाठी काम करणाऱ्या या गटाला आपली साधने आपणच घडवण्याची सवय त्या परिस्थितीतून लागली होती. कंपनीतील यंत्रे तऱ्हेतऱ्हेची असल्यामुळे भाषा केवळ प्रमाण सीमध्ये लिहिलेली आणि कोणत्याही यंत्रावर कंपाइल होणारी असावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या वादात हा आग्रह महत्त्वाचा ठरतो.

याच दशकात आणखी दोन दिशांनी काम सुरू झाले. डेव्हिड बीझली यांनी लॉस अलामॉस येथे १९९५ मध्ये स्विग हे साधन लिहायला घेतले. ते हेडर फाइलवजा वर्णन वाचून जोडणीचा कोड आपोआप निर्माण करते. १९९६ मध्ये अँथनी ग्रीन यांनी लिबएफएफआय या लायब्ररीवर काम सुरू केले. तिच्यामुळे फंक्शनचे प्रकार आधी ठाऊक नसतानाही, प्रोग्राम चालू असताना त्यांचे वर्णन देऊन फंक्शन कॉल करता येते. आजच्या बहुतेक भूमिका या दोन साधनांच्या आणि हाताने लिहिलेल्या जोडणीच्या वंशातील आहेत.

हाताने लिहिलेली जोडणी

पहिल्या भूमिकेनुसार प्रत्येक सी फंक्शनसाठी सी भाषेतच एक छोटे जोडफंक्शन लिहावे. लुआमध्ये अशा जोडफंक्शनचा साचा ठरलेला आहे: त्याला इंटरप्रिटरच्या स्थितीचा एकच पॉइंटर मिळतो आणि ते एक पूर्णांक परत देते, जो किती उत्तरे दिली ते सांगतो. प्रत्यक्ष मूल्यांची देवाणघेवाण एका स्टॅकवरून होते. ‘हायपॉट’चे जोडफंक्शन स्टॅकवरील पहिल्या व दुसऱ्या जागेवरची मूल्ये संख्या आहेत का ते तपासून घेते, मूळ फंक्शन कॉल करते, आलेले उत्तर स्टॅकवर चढवते आणि एक हा आकडा परत देते. स्क्रिप्टने संख्येच्या जागी टेबल दिले, तर कितव्या ठिकाणी काय चुकले ते सांगणारा नेमका संदेश मिळतो आणि यजमान प्रोग्राम सुरक्षित राहतो.

स्टॅकचा हा खटाटोप अनावश्यक वाटण्याचा संभव आहे, परंतु त्यामागे विचार आहे. लुआतील वापरात नसलेली मेमरी गार्बेज कलेक्टर आपोआप परत घेतो. सी फंक्शनच्या हाती थेट लुआ मूल्याचा पॉइंटर दिला, तर सीने तो कोठे जपून ठेवला आहे हे कलेक्टरला कळण्याचा मार्ग नसतो. मूल्ये स्टॅकवर असली की ती वापरात आहेत हे त्याला दिसते. पायथनने वेगळा मार्ग धरला. तेथे सी कोडला वस्तूचा पॉइंटर मिळतो आणि तिचे किती धारक आहेत याचा हिशेब मोजणीने ठेवला जातो. ही मोजणी वाढवण्या-घटवण्याची जबाबदारी बरीचशी जोडणी लिहिणाऱ्यावर येते, आणि एक घट विसरली की मेमरी कायमची अडकते. लुआच्या स्टॅकला आजचे स्पष्ट स्वरूप २००० सालच्या ४.० या आवृत्तीत आले.

या पद्धतीचा मोठा गुण असा की जोडफंक्शन सीमध्येच असल्यामुळे ते मूळ हेडर फाइलसह कंपाइल होते आणि प्रकारांतील तफावत बहुतांशी कंपाइलरच पकडतो. देवनागरीच्या वाचकाला जवळचे असे एक उदाहरण याच प्रकारात मोडते. २०२० च्या टेक लाइव्ह वितरणापासून लुआलाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लुआएचबीटेक या इंजिनावर चालते, ज्यात हार्फबझ ही अक्षरांना आकार देणारी लायब्ररी लुआला अशाच जोडणीने उपलब्ध करून दिलेली आहे. हा मार्ग निवडला की मजकुरातील सांकेतिक अंक हार्फबझकडे जातात आणि कोणते चिन्ह कोठे बसवायचे याची यादी लुआ टेबलाच्या रूपात परत येते. ‘दर्या’तील रफार आणि ‘दऱ्या’तील अर्धा र यांतील भेद छापील पानावर उमटतो तो या देवाणघेवाणीतूनच.

दोष दोन. शेकडो फंक्शनांच्या लायब्ररीसाठी तेवढीच जोडफंक्शने लिहिणे कंटाळवाणे असते, आणि मूळ लायब्ररी बदलली की त्यांची डागडुजीही करावी लागते. पहिला दोष स्विगसारखी साधने दूर करतात, जरी त्यांनी निर्माण केलेला कोड वाचण्याची हौस फारशा कोणाला नसते. दुसरा दोष त्यांनीही अंशतःच सुटतो, कारण एखाद्या पॉइंटरचा अर्थ एक मूल्य, मूल्यांची रांग की उत्तर ठेवण्याची जागा, हे साधनाला अखेर माणसानेच सांगावे लागते.

चालू असताना केलेली जोडणी

दुसरी भूमिका अशी की सी कंपाइलर मधे आणूच नये. स्क्रिप्टमध्येच फंक्शनचे वर्णन द्यावे, लायब्ररी उघडावी, पत्ता शोधावा आणि फंक्शन कॉल करावे. परक्या भाषेतील फंक्शन असे कॉल करण्याच्या सोयीला एफएफआय हे संक्षिप्त नाव रूढ आहे. थॉमस हेलर यांची सीटाइप्स ही लायब्ररी २००६ च्या पायथन २.५ पासून प्रमाण वितरणाचा भाग झाली. माइक पॉल यांच्या लुआजिटने २.० या मालिकेत एफएफआय आणले, ज्यात सीची घोषणा जशीच्या तशी मजकूर म्हणून द्यायची असते. पीएचपीने २०१९ च्या ७.४ या आवृत्तीत ही सोय स्वीकारली.

सोय मोठी आहे, पण ती एका वेगळ्या करारावर उभी आहे. सी भाषेचे प्रमाण-पुस्तक फंक्शनचा अर्थ सांगते. मूल्ये प्रोसेसरच्या कोणत्या रजिस्टरात ठेवायची ते सांगत नाही. तो भाग प्रत्येक यंत्रणेच्या एबीआयमध्ये, म्हणजे यंत्रभाषेच्या पातळीवरील करारात, येतो. इंटेल-पद्धतीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर लिनक्समध्ये पहिले सहा पूर्णांक किंवा पॉइंटर सहा ठरावीक रजिस्टरांतून, तर पहिल्या आठ दशांश संख्या वेगळ्या आठ रजिस्टरांतून जातात. विंडोजमध्ये रजिस्टरांतून जाणाऱ्या मूल्यांची मर्यादा एकूण चार आहे. आता ‘हायपॉट’ पूर्णांक घेते अशी चुकीची घोषणा लुआजिटमध्ये केली, तर लिनक्सवर मूल्ये पूर्णांकांच्या रजिस्टरांत ठेवली जातील, आणि फंक्शन मात्र दशांश संख्यांच्या रजिस्टरांत आधीपासून जे काही पडलेले असेल ते वाचून कर्ण काढील. प्रोग्राम बंद पडणार नाही, कोणताही इशारा मिळणार नाही. उत्तर तेवढे चुकीचे येईल.

सीटाइप्समधील एक चूक इतकी वारंवार घडते की ती येथे नोंदवणे योग्य ठरेल. परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार सांगितला नाही, तर सीटाइप्स ते साधा पूर्णांक समजते, जो प्रचलित यंत्रणांवर ३२ बिटांचा असतो. मजकुरात एखादे अक्षर शोधून त्याचा पत्ता देणारे ‘स्ट्रचर’ हे फंक्शन असे कॉल केले, तर ६४ बिटांच्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. ३२ बिटांच्या जुन्या यंत्रावर हाच कोड निर्धोक चालत होता, त्यामुळे चूक लिहिली गेली तेव्हा ती दिसलीच नाही. ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिटी लिनक्सवर ६४ बिटांचा आणि ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटांचा असणे, किंवा ॲपलच्या एआरएम यंत्रांवर ‘प्रिंटएफ’सारख्या कितीही मूल्ये घेणाऱ्या फंक्शनांची जादा मूल्ये रजिस्टरांऐवजी स्टॅकवरून जाणे, हे सापळे याच जातीचे आहेत.

शिवाय हेडर फाइलमधील सगळेच काही लायब्ररीत उतरत नाही. मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्यापूर्वीच मजकूर बदलून टाकणाऱ्या व्याख्या, यंत्रभाषेत उरतच नाहीत. लुआजिट आणि पीएचपी यांच्या घोषणा-वाचकांना त्या समजतही नाहीत. फाइलची माहिती देणारे ‘स्टॅट’ हे नित्याचे फंक्शन लिनक्सवरील जीलिबसी या मूलभूत लायब्ररीत २०२१ च्या २.३३ या आवृत्तीपर्यंत स्वतःच्या नावाने उघड नव्हते. हेडर फाइल त्याचे रूपांतर दुसऱ्याच अंतर्गत फंक्शनच्या कॉलमध्ये करी. सी प्रोग्रामरला याचा पत्ताही नसे, एफएफआय वापरणारा मात्र नाव सापडत नाही म्हणून अडून बसे.

मधला मार्ग

आर्मिन रिगो आणि माचिए फियाउकोव्स्की यांची सीएफएफआय ही पायथन लायब्ररी २०१२ पासून उपलब्ध आहे. लुआजिटच्या धर्तीवर ती सीच्याच भाषेत घोषणा स्वीकारते, पण दोन पर्याय देते: घोषणांवर विश्वास ठेवून थेट यंत्रभाषेच्या पातळीवर जोडणी करावी, किंवा एकदाच सी कंपाइलर चालवून घोषणा खऱ्या हेडर फाइलशी पडताळून घ्याव्यात. दुसऱ्या पर्यायात स्ट्रक्चरमधील सर्व घटक ठाऊक नसले तरी चालते. उरलेले तपशील आणि घटकांच्या जागा कंपाइलर भरतो. सीएफएफआयचे कर्ते हाच पर्याय सुचवतात. गळालेली माहिती माणसाच्या स्मरणावर न सोडता ती पुन्हा कंपाइलरकडून वदवून घेणारी ही तडजोड या क्षेत्रातील सर्वांत समंजस तडजोडींपैकी एक मानावी लागेल, जरी वापरणाऱ्याच्या यंत्रावर कंपाइलर नसेल तर तयार पुडके बांधून द्यावे लागण्याची कटकट तिच्याबरोबर परत येत असली तरी.

वेगाबद्दलचे दावे

एफएफआय वेगवान असते हे विधान सरसकट खरे नाही आणि खोटेही नाही. लुआजिट हा प्रोग्राम चालू असतानाच त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपाइलर आहे. एफएफआयची घोषणा त्याला समजत असल्यामुळे कंपाइल झालेल्या भागात सी फंक्शनचा कॉल जवळजवळ सी कंपाइलरने केल्यासारखा होतो. उलट, स्टॅकच्या जुन्या पद्धतीने लिहिलेले जोडफंक्शन त्याच्या दृष्टीने बंद पेटी असते आणि तेथे कंपाइल करण्याचा धागा तुटतो. ओपनरेस्टीने आपली अनेक जोडफंक्शने एफएफआयवर नव्याने लिहिली ती याच कारणाने. लुआजिटच्या दस्तऐवजात ४०० गुणिले ४०० बिंदूंच्या चित्रावर प्रक्रिया करणारे उदाहरण आहे. लुआ टेबलांऐवजी सीच्या स्ट्रक्चरांची रांग वापरल्यावर मेमरी २२ मेगाबाइटवरून ६४० किलोबाइटवर आणि वेळ ९.५७ सेकंदांवरून ०.४८ सेकंदांवर येते. हा लाभ मात्र कॉलचा नाही, मूल्ये सीच्या आटोपशीर मांडणीत ठेवल्याचा आहे, हा भेद चर्चेत पुष्कळदा निसटतो.

पीएचपीचे दस्तऐवज नेमके उलट सांगतात: एफएफआयच्या मूल्यांपर्यंत पोचणे पीएचपीच्या स्वतःच्या रांगांपेक्षा सुमारे दुपटीने हळू आहे, त्यामुळे वेगासाठी तिचा उपयोग करण्यात अर्थ नाही, मेमरी वाचवण्यासाठी असू शकतो. सीटाइप्समध्येही प्रत्येक कॉलला मूल्यांचे रूपांतर आणि लिबएफएफआयची मध्यस्थी असा खर्च पडतो. म्हणजे वेग एफएफआयच्या कल्पनेत नसून तिच्यामागे कोणते इंजिन आहे यात असतो. स्क्रिप्ट आणि सी यांच्यातील सीमा ओलांडण्याची संख्याच कमी करणे हा सर्वांना मान्य उपाय आहे; नमपाय या पायथनच्या गणन-लायब्ररीची भिस्त त्यावरच आहे, कारण तेथे दहा लाख संख्यांची बेरीज एकाच कॉलमध्ये सीकडे सोपवली जाते.

मालकी, उलटा कॉल आणि सुरक्षितता

मूल्यांचे प्रकार बरोबर असले तरी मेमरीची मालकी कोणाची, हा प्रश्न उरतोच. लुआजिटमध्ये निर्माण केलेली मेमरी सी लायब्ररीने पुढील कामासाठी लक्षात ठेवली, पण स्क्रिप्टमध्ये तिचा कोणी धारक उरला नाही, तर कलेक्टर ती मोकळी करतो आणि सी लायब्ररी मेलेल्या पत्त्यावर वाचत राहते. कॉलबॅकमध्ये, म्हणजे सी लायब्ररीने उलट स्क्रिप्टमधील फंक्शन कॉल करण्यात, हीच अडचण दुहेरी होते. कॉलबॅकचा धारक सी वापरत असेपर्यंत जपून ठेवावा, असे सीटाइप्सचे दस्तऐवज बजावतात. लुआजिटमध्ये कॉलबॅकच्या जागा मर्यादित आहेत, ते हळू आहेत, आणि कंपाइल झालेल्या कोडमधून कॉल केलेल्या सी फंक्शनने परत लुआत शिरणे निषिद्ध आहे.

प्रवाह मधेच तुटण्याचे प्रश्नही आहेत. लुआतील चूक सीमध्ये साधारणतः लाँगजंप या उडीने हाताळली जाते. उडीच्या वाटेत येणाऱ्या जोडफंक्शनने मागितलेली मेमरी मोकळी करण्याची संधीच मिळत नाही. कोरूटीन, म्हणजे मधेच थांबून पुन्हा तेथूनच चालू होणारे फंक्शन, मधे सीचा कॉल असेल तर थांबवता येत नसे. २०११ च्या लुआ ५.२ मध्ये ‘थांबल्यानंतर पुढे कोठून’ हे सांगणारे दुसरे फंक्शन देण्याची तरतूद आली, आणि तीही जोडणी लिहिणाऱ्याने जाणीवपूर्वक वापरली तरच लागू पडते.

सुरक्षिततेच्या बाबतीत पक्ष फारसे दुभंगलेले नाहीत. ज्याला एफएफआय मिळाले त्याला मेमरीतील कोणताही पत्ता मिळाला. म्हणून अविश्वासू स्क्रिप्टच्या हाती ते देऊ नये असे लुआजिटचे दस्तऐवज स्वच्छ सांगतात, आणि पीएचपीची मूळ मांडणी वेबवरील सामान्य स्क्रिप्टला ते वापरू देत नाही. मतभेद आहे तो त्यापुढचा: विश्वासू स्क्रिप्टलाही ही चावी कितपत द्यावी. शेजारच्या जावाने २०२४ च्या २२ व्या आवृत्तीत आपले नवे एफएफआय कायम केले, परंतु त्यातील धोक्याच्या क्रिया वेगळ्या परवानगीच्या कक्षेत ठेवल्या. फायरफॉक्सने २०२१ च्या ९५ व्या आवृत्तीपासून सर्व यंत्रणांवर काही सी आणि सी++ लायब्ररी वेबअसेंब्लीच्या मार्गाने बंदिस्त करून वापरायला आरंभ केला. तेथे चुकीचा पॉइंटर त्या कप्प्याबाहेर पोचत नाही. हा उपाय स्क्रिप्टिंग भाषांच्या एफएफआयने सार्वत्रिक स्वीकारलेला नाही, कारण यंत्रणेच्या लायब्ररी थेट वापरता येणे हेच मुळात एफएफआयचे आकर्षण आहे.

अनिर्णित बाबी

मूळ लुआत आजही एफएफआय नाही. अंतःस्थापित भाषा प्रमाण सीपुरती मर्यादित राहावी असे मानणाऱ्यांना हे योग्य वाटते, कारण एफएफआय लिहायचे तर प्रत्येक प्रोसेसर आणि प्रत्येक यंत्रणेसाठी वेगळा, प्रमाण सीमध्ये न बसणारा भाग लागतो. प्रोग्राम चालू असताना लायब्ररी उघडणे हेही प्रमाण सीच्या बाहेरचेच आहे आणि लुआने ते पत्करलेले आहे, असे विरुद्ध पक्ष दाखवून देतो, आणि त्यात तथ्य आहे. परंतु तो भाग काही ओळींचा असतो, एफएफआयचा पसारा तेवढ्यात आवरत नाही. दरम्यान लुआजिट भाषेच्या दृष्टीने लुआ ५.१ च्या आसपास थांबलेले आहे आणि मूळ लुआने २०१५ च्या ५.३ मध्ये ६४ बिटांचे पूर्णांक आणले, त्यामुळे एफएफआय हवे असलेल्यांचा आणि नवी लुआ हवी असलेल्यांचा रस्ता वेगळा झाला आहे.

पायथनमध्ये एकाच वेळी एकच थ्रेड चालू देणारे सामाईक कुलूप काढण्याचा प्रयोग ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीत वेगळ्या बांधणीच्या रूपाने आला. त्या बांधणीत जे सी विस्तार आपण तयार असल्याचे जाहीर करत नाहीत ते लोड होताच कुलूप पुन्हा लागू होते. सीटाइप्सचा नेहमीचा मार्ग मात्र सी फंक्शन चालू असताना हे कुलूप पूर्वीपासूनच सोडत आला आहे. म्हणजे ज्या लायब्ररी अनेक थ्रेडांसाठी सुरक्षित नाहीत त्यांचा धोका तेथे आधीही होता, तो जाहीर करायला जागा मात्र नव्हती आणि आजही नाही.

मालकीची माहिती लिहून ठेवण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न ग्नोम प्रकल्पातील जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन या व्यवस्थेत दिसतो. तेथे सी फंक्शनवरच्या टिपणात परत येणाऱ्या मूल्याची मालकी कॉल करणाऱ्याकडे जाते की लायब्ररीकडेच राहते हे ठरावीक शब्दांत लिहिलेले असते, आणि त्यावरून तयार झालेली वर्णन-फाइल पायथन, जावास्क्रिप्ट, लुआ अशा अनेक भाषांतील जोडण्या वाचतात. ही शिस्त जीऑब्जेक्टच्या परंपरेत लिहिलेल्या लायब्ररींपुरती मर्यादित आहे. सीच्या सी२३ या प्रमाणात घोषणांना गुणधर्म जोडण्याची लेखनपद्धती आली असली, तरी त्यातील प्रमाणित गुणधर्मांत मेमरीची मालकी व्यक्त करणारा एकही नाही.